पट्टीची मागची बाजू

पावसाळा लागला की औषधाच्या दुकानात एक आवाज हमखास कानावर येतो, पट्टीतून गोळी फोडल्याचा 'टक्'. गिऱ्हाईक पैसे देतं, सुटे मोजून घेतं आणि तिथंच उभ्या उभ्या नारंगी गोळी तोंडात टाकतं. प्रस्तुत लेखक पंचवीस वर्षं या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे. तापाची किंवा रक्तदाबाची गोळी अशी कौतुकानं खाताना त्यानं कुणाला पाहिलेलं नाही. दुकानात लिमलेटचा मान मिळालेली गोळी एकच, ती क जीवनसत्त्वाची.

2020 च्या कोविडच्या उन्हाळ्यात याच गोळीनं दुकानदारांना घाम फोडला. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही, सरळ "दहा पट्ट्या द्या." घाऊक विक्रेत्याकडे माल संपला, तेव्हा लोक एकेका पट्टीसाठी ओळखी काढू लागले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीचा निकाल आला. घरीच उपचार घेणाऱ्या 214 कोविड रुग्णांपैकी काहींना रोज 8 ग्रॅम क, काहींना जस्त, काहींना दोन्ही आणि काहींना नेहमीचेच उपचार दिले होते. लक्षणं ओसरायच्या दिवसांत दखल घेण्याजोगा फरक पडेना, म्हणून चाचणी मध्येच थांबवली गेली. 8 ग्रॅम म्हणजे आपल्या नेहमीच्या 500 मिलिग्रॅमच्या सोळा गोळ्या, आणि त्याही रोज. निकाल आला तेव्हा घरोघरच्या औषधाच्या डब्यात उरलेल्या पट्ट्या अजून पडून होत्या.

या गोळीला जादू चिकटली, त्याला कारण आहे. एका रोगावर, स्कर्व्हीवर, ती खरोखरच जादूसारखी चालते. ऑक्टोबर 1498 मध्ये वास्को द गामाची जहाजं कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परतीला निघाली. वारा पडलेला किंवा उलटा. अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय काळेनिळे पडले. सुमारे तीस माणसं त्या एका टप्प्यात गेली. जानेवारीत आफ्रिकेचा किनारा लागला, तेव्हा आजाऱ्यांनी मागितली ती संत्री. उपाय त्यांना ठाऊक होता, पण हे असं का होतं ते पुढची चारशे वर्षं कुणाला कळलं नाही.

1747 मध्ये 'सॅलिसबरी' या ब्रिटिश जहाजावर जेम्स लिंड या शल्यवैद्यानं स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले आणि त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या. कुणाला सफरचंदाची दारू, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्या दोघांतला एक कामावर रुजू होण्याइतका सावरला होता. एवढं ढळढळीत दिसूनही ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रस सर्रास द्यायला 1795 उजाडलं. सरकारी फाईल तिकडेही आपल्याच वेगानं चालते.

संत्र्या-लिंबातलं ते औषध म्हणजे क जीवनसत्त्व. बकरी ते स्वतः बनवते, तेही रोज ग्रॅमांनी. माणसाच्या शरीरात ते बनवण्यातला शेवटचा टप्पा पार पाडणारं जनुक आपल्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच बिघडलं, म्हणून आपल्याला ते खाऊनच मिळवावं लागतं. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी ते वेगळं काढलं आणि पुढं सेगेद गावच्या पाप्रिकातून, म्हणजे तिथल्या मिरचीतून, किलोंच्या हिशेबात मिळवलं. 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. 1934 पासून स्वित्झर्लंडमध्ये ग्लुकोजपासून केलेली कृत्रिम गोळी विकायला आली. 'नैसर्गिक क' म्हणून तिप्पट किमतीला विकल्या जाणाऱ्या बाटलीतला रेणू आणि हा कारखान्यातला रेणू यांत तसूभरही फरक नाही. बाटलीत आवळ्याची भुकटी असली तर आवळ्याचे इतर गुण मिळतील, पण क तेच.

स्कर्व्हीवरचं औषध सर्दीवर कसं आलं? त्याचं श्रेय किंवा खापर लायनस पॉलिंग यांच्याकडे जातं. रसायनशास्त्राचं आणि शांततेचं, अशी दोन नोबेल मिळवलेल्या माणसानं 1970 मध्ये क जीवनसत्त्व आणि सर्दीवर पुस्तक लिहिलं, म्हणजे कोण शंका घेणार? ते स्वतः पुढं दिवसाला 18 ग्रॅमपर्यंत घेत. त्यानंतर चाचण्यांवर चाचण्या झाल्या. त्या एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात 29 तुलना आणि अकरा हजारांवर माणसं होती. रोज गोळी घेणाऱ्यांनाही इतरांइतक्याच वेळा सर्दी झाली. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे 8 टक्के आणि मुलांत 14 टक्के लवकर आटोपली, म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत मोठ्या माणसाचे अर्धाएक दिवस वाचले. तेही आधीपासून रोज घेत असतील तरच. नाक वाहू लागल्यावर सुरू केलेल्या गोळीचा भरवसा देता येईल असा परिणाम दिसला नाही, आणि आपल्याकडची विक्री तर नाक वाहू लागल्यावरच होते! मॅरेथॉन धावणारे, बर्फावर घसरणारे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. सातारच्या हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यानं हा शोध मनावर घ्यायला हरकत नाही. सोफ्यावरून मॅच बघणाऱ्याला तो लागू नाही.

जास्त खाल्लं तर जास्त लागू पडेल, हा हिशेब इथं चालत नाही. 1996 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मार्क लेव्हाइन यांनी सात निरोगी तरुणांना चार ते सहा महिने रुग्णालयात ठेवून त्यांच्या पोटात जाणारा आणि लघवीतून निघणारा क मोजला. 200 मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा जवळजवळ सगळी रक्तात उतरली आणि तेवढ्यातच रक्त बहुतेक भरलं. एका वेळी ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं. उरलेलं आतड्यात राहून पोट बिघडवतं, आणि शोषलेल्यातलं जादाचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम पुरतं, बाईला 65. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशेच्या वर असतं. आवळ्यात शंभर ग्रॅमला सहाशे, असं आपण लहानपणापासून वाचत आलो. याच संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनी तो आकडा अडीचशेच्या आसपास आणला आहे. तरीही आवळा गरजेच्या तिप्पटच. पोह्यावर पिळलेल्या लिंबाचा क थोडा असतो, पण त्याचं काम वेगळं आहे. पोह्यातलं लोह शरीरात शिरायला तो मदत करतो. पोह्यापाठोपाठ कडक चहा घेतला की त्यातलं बरंच फुकट जातं.

आता गोळी घ्यायचीच असेल तर पट्टी उलटी करावी. पुढच्या बाजूला संत्र्याचं चित्र असतं, खरी माहिती मागं. चघळायच्या 500 च्या गोळीवर बऱ्याचदा असं दिसेल: ॲस्कॉर्बिक ॲसिड 100 मि.ग्रॅ., सोडियम ॲस्कॉर्बेट 450 मि.ग्रॅ. दोन्ही क चीच रूपं, पण बेरीज 550 होते म्हणून लोक चक्रावतात. त्या साडेचारशेत क चारशेच असतं, उरलेले पन्नासेक मिलिग्रॅम सोडियम. नुसतं आम्ल चघळलं तर दात आंबतील आणि रोज चघळलं तर दातांवरचा थर झिजेल, म्हणून ही योजना. गोळीत साखरही असते, मधुमेह्यानं ती विचारात घ्यावी. पाण्यात फसफसणाऱ्या 1000 च्या गोळीत तर खाण्याचा सोडा असतो आणि एकेका गोळीत दोन-तीनशे मिलिग्रॅम सोडियम जाऊ शकतं. रक्तदाबासाठी लोणचं-पापड सोडलेली माणसं सकाळी हा ग्लास मोठ्या निष्ठेनं पितात.

मागच्या बाजूला आणखी एक गोष्ट शोधावी. औषध म्हणून विकलेल्या गोळीवर औषध उत्पादनाच्या परवान्याचा क्रमांक असतो. पूरक आहार म्हणून विकलेल्या बाटलीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी ओळ. ही ओळ कायद्यानं लिहावी लागते, तिच्या वर छापलेलं 'इम्युनिटी' कंपनी स्वखुशीनं लिहिते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांत हा फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि दाखवायला दुकानदाराला वेळ नसतो, हे प्रस्तुत लेखकाला कबूल आहे. कोकणातल्या दमट हवेत उघड्या बाटलीतल्या गोळ्यांवर तपकिरी ठिपके येतात. ते बुरशीचे नव्हेत, हवेनं आणि ओलीनं क मोडू लागल्याचे. तशा गोळ्या टाकून द्याव्यात. पट्टी बाटलीपेक्षा बरी ती याच कारणानं.

आणि काहींनी हात आखडताच घ्यावा. शरीर क मोडून मुतखड्यात सापडणारं ऑक्झलेट करतं. स्वीडनमध्ये 23,355 पुरुषांवर अकरा वर्षं नजर ठेवली तेव्हा क च्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. ज्याला एकदा खडा झालाय त्याला ती कळ आठवून सांगायला नको. ज्या घरात थॅलेसेमियाचं मूल आहे तिथं क लोह वाढवून बसतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लघवीच्या तपासणीआधी दोन दिवस गोळी घेतलेली असली तर तपासणीच्या पट्टीवर लघवीतली साखर किंवा रक्त असूनही दिसत नाही. प्रयोगशाळेत हे आपणहून सांगावं.

मग कमतरता कुणाला आहे? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या साडेपाच हजारांवर माणसांचं रक्त तपासलं. उत्तरेत सुमारे 74 टक्के आणि दक्षिणेत 46 टक्के लोकांत क ची कमतरता निघाली. तंबाखू, चुलीचा धूर आणि गरिबी जिथं होती, तिथं ती जास्त. ही माणसं काउंटरला येतात ती दुसऱ्या कुणासाठी.

गेल्या श्रावणात एक आजी नातवाच्या सर्दीसाठी पट्टी मागायला आल्या. बोलताना मिश्रीनं काळ्या पडलेल्या हिरड्यांतून रक्त दिसलं. दात पाच-सहा उरलेले, म्हणून पेरू बंद. जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी. भाजी शिजून शिजून गाळ झालेली. पायावर कशानंही निळे डाग पडतात, असं त्यांनी सहज सांगितलं. रक्त येण्याला इतरही कारणं असतात, तेव्हा दंतवैद्याचा पत्ता लिहून दिला आणि रक्त तपासायला सरकारी दवाखान्यात जा म्हटलं.

"आणि आजी, पोराला राहू दे. ही पट्टी तुम्हीच घ्या. रोज अर्धी, महिनाभर."

आजींनी पट्टी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. "ही तर ल्हान पोरांची," म्हणाल्या, आणि कनवटीला लावून नातवाच्या खोकल्याचं औषध निराळं मागितलं.