प्रिमितिवो, काळा रस्सा आणि अळणी मटण



भाचा इटलीहून आला, येताना एक बाटली घेऊन आला. लेबलवर ‘प्रिमितिवो दि मांदुरिया’. मांदुरिया म्हणजे इटलीच्या बुटाच्या टाचेवरचं, पुलिया भागातलं गाव. “मामा, ही तिकडची खास आहे,” म्हणाला. मला हसू आलं. ही जात माझ्याच वावरात उभी आहे. आपण जिला झिनफँडेल म्हणतो तीच ही. डीएनए तपासणीत ते पक्कं झालंय, आणि मूळ निघालं क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं.

आता खरी गोष्ट सांगतो. माझी ही अर्ध्या एकराची झिनफँडेल काढून टाकायचं घरात जवळजवळ ठरलंय. ज्यांच्याकडे आहे त्यांना कारण माहीत आहे: एकाच घडात हिरवे मणी, पिकलेले मणी आणि मनुके झालेले मणी. मागच्या फेब्रुवारीत रिफ्रॅक्टोमीटरवर २३ ब्रिक्स बघून तोडणी केली. वायनरीत हिरवे मणी आणि मनुके दोन्ही दाखवून दरात कपात झाली. वर टाकीत मनुके भिजल्यावर साखर आणखी चढली. म्हणजे शेतात घेतलेलं रीडिंग या जातीत फसवंच असतं, हे पैसे गेल्यावर कळलं.

पुलियातल्या लोकांनाही हाच त्रास आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी जोया देल कोल्ले गावातल्या इंदेल्लिकाती नावाच्या पाद्र्याने पाहिलं की हा वेल बाकीच्यांआधी पिकतो, म्हणून नाव पडलं प्रिमितिवो, म्हणजे पहिला येणारा. तिकडच्या जुन्या बागांना ना मांडव ना तार. लाल माती, खाली चुनखडी, आणि झुडपासारखे बुटके वेल. मांदुरियाच्या नियमात हेक्टरी ९ टनांच्या वर माल धरता येत नाही. एकरी साडेतीन टन! आपल्याकडचा थॉमसनवाला हे ऐकून उठून जाईल. आणि एवढं करूनही कित्येक वर्षं ही वाईन बिननावाची टाकीत भरून उत्तर इटलीत आणि फ्रान्समध्ये जायची, त्यांच्या पातळ वाईनला रंग आणि जोर द्यायला. मांदुरियाच्या नावाला सरकारी संरक्षण मिळालं ते १९७४ मध्ये.

तर बाटली. पहिल्या रात्री मी काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर घेतली. चूक. हिच्यात १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, त्यात तिखट. जिभेला नुसती आग. शिवाय आपल्या घरातली ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे ३३ अंश, त्यात अल्कोहोल नाकात जातो. दुसऱ्या दिवशी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली आणि रस्सा व्हायच्या आधीच पातेल्यातलं अळणी मटण वाटीत काढून घेतलं. हळद, मीठ, चरबी, बस. तेव्हा वाईन गोडसर, पिकल्या आलुबुखारासारखी लागली. मटणाचा तेलकटपणाही कापला गेला.

तिकडचं जेवण बघितलं की कोडं सुटतं. वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं घट्ट वरण आणि वर कडू चिकोरीची पालेभाजी. मटणाच्या सॉसमधला कानाच्या पाळीसारखा पास्ता. मुरवलेलं मेंढीच्या दुधाचं चीज. चिस्तेर्निनोकडे तर खाटकाच्या दुकानातच चीज भरलेल्या डुकराच्या मांसाच्या गुंडाळ्या भट्टीत भाजून देतात. सगळं खारट, चरबीचं, तिखट बेतानं. बायकोने वालाचं घट्ट वरण आणि मेथी करून दिली. तिने वाईनला हात लावला नाही, पण वरण मात्र दोनदा घेतलं.

बाटली संपली आणि मी बागेत जाऊन ओळी मोजल्या. चार ठेवतोय, बाकीच्या काढणार. त्या चारांत ऑक्टोबर छाटणीनंतर घड निम्मे ठेवायचे, आणि मण्यांत पाणी उतरताना मागे पडलेल्या हिरव्या पाकळ्या कात्रीने काढायच्या. हे कुणी आधी केलं असेल तर एकरी मजूर किती लागले ते कळवा. माझा अंदाज घरात कुणालाच पटत नाहीये.