आधी गळा, मग बोटं

टोरंटोत फ्रंट स्ट्रीटवर, सीबीसी या प्रसारण संस्थेच्या इमारतीबाहेर एक बाक आहे. त्यावर जाड कोट आणि टोपी घातलेला एक ब्राँझचा माणूस बसलेला असतो. हा ग्लेन गूल्ड. १९३२ साली याच शहरात जन्मला, १९८२ साली इथेच गेला आणि मधल्या पन्नास वर्षांत पियानोवर बाख वाजवून जगभर पोचला. इथे आल्यावर कित्येक वर्षं मी त्या बाकावरून रोज ऑफिसला गेलो, पण एकदाही थांबलो नाही. मला त्याचं वाजवणं आवडत नसे.

पहिल्याच हिवाळ्यात लायब्ररीतून त्याने वाजवलेल्या बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची सीडी आणली होती. या शहरात राहायचं तर इथल्या माणसाचं संगीत ऐकावं, एवढाच हेतू. हेडफोन लावला आणि पाचव्या मिनिटाला काढून ठेवला. पियानोच्या मागून कुणीतरी गुणगुणत होतं. आधी वाटलं, भिंतीपलीकडचा शेजारी असेल. मग कळलं, तो स्वतःच वाजवताना गुणगुणतो, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्यांनाही ते कधी पूर्ण थांबवता आलं नाही. शिवाय स्वर कसे, तर सुटे, कोरडे, टाचणीने टोचल्यासारखे. मी मिरजेत पेटी शिकलेला माणूस. भाता सुटला नाही तर सूर तुटत नाही, ही माझ्या कानाची सवय. मला ते सगळं या शहराच्या थंडीसारखंच वाटलं: स्वच्छ, नीटनेटकं आणि जवळ येऊ न देणारं.

लेक सात वर्षांची झाली तेव्हा तिला पियानोच्या शिकवणीला घातलं. बाई वयस्कर होत्या, घरीच शिकवायच्या. मी बाहेर, बूट काढायच्या जागेपाशी स्टुलावर बसून राहायचो. एका शनिवारी लेकीचा डावा हात सारखा अडखळत होता. बाईंनी तिचे हात पट्ट्यांवरून उचलून तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “आधी गा. मग वाजव.”

मी चमकलो. मिरजेचे आमचे मास्तर हेच सांगायचे. “गळ्यात नाही ते बोटांत कुठून येणार?” असं म्हणून ते पेटीचा भाता लावून टाकत आणि पलटा आधी गाऊन दाखवायला लावत. गायला आला की मगच भाता सुटे.

घरी जाताना मी लेकीच्या बाईंना याबद्दल विचारलं. त्यांच्या तोंडून पहिलं नाव आलं ते गूल्डचं. त्याची आई, फ्लॉरेन्स, गाणं आणि पियानो दोन्ही शिकवायची. लहानग्या ग्लेनला तिने शिस्त लावली होती की जो स्वर वाजवशील तो गात जा. पोराची ती सवय जन्मभर सुटली नाही. वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली लाकडी खुर्चीही त्याने सोडली नाही. बसायची जागा जमिनीपासून जेमतेम १४ इंच. त्या खुर्चीवर तो इतका खाली बसे की हनुवटी पट्ट्यांशी यायची. पेटीवर ओणवा होऊन बसलेला माणूस जसा दिसतो, तसाच.

त्या रात्री सीडी पुन्हा लावली. या वेळी १९८१ सालची. हीच रचना त्याने दोनदा रेकॉर्ड केली आहे. १९५५ मध्ये, बाविसाव्या वर्षी, सगळी मिळून ३८ मिनिटांत. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ५१ मिनिटांत. सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ चाल, तरुणपणी दोन मिनिटांच्या आत संपते, नंतर तिला तीन मिनिटांहून जास्त लागतात. तबल्याच्या सोलोला मी पेटीवर लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी एकच ओळ, धरलेला आहे, त्यामुळे रचनेची घडण मला लगेच ओळखू आली. आरियानंतरची तीसही व्हेरिएशन्स तिच्या वरच्या चालीवर उभी नाहीत, ती खालच्या खर्जाच्या ओळीवर उभी आहेत. पहिल्या आठ मापांतले तिचे मुख्य स्वर आपल्या सरगमीत मांडले तर सा, नी, ध, प, ग, म, प, सा. सगळे शुद्ध. ही ओळ आत धरून ठेवली की वर तो काय काय करतो ते उलगडत जातं. त्याचं गुणगुणणंही मग अडथळा राहत नाही. ऐकणाऱ्यांसाठी तो गातच नाही, आईने शिकवलं तसं आधी गळ्यातून काढतो आहे. स्वर सुटे का, तेही कळलं: एकाच वेळी चालणाऱ्या तीन-चार ओळींतली एकही दुसरीखाली दबू नये म्हणून.

१९६४ साली, एकतिसाव्या वर्षी, त्याने मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओत जाऊन बसला. गायिका केसरबाई केरकरांचं नेमकं उलट. त्यांचा जीव मैफलीत आणि रेकॉर्डिंगला त्या नाखूश. तरी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर गोव्याच्या केसरबाईंची भैरवी आहे आणि टोरंटोच्या गूल्डने वाजवलेला बाखही आहे. ते दोघं एकाच तबकडीवर शेजारी नांदतात हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. मी इथे आणि माझं गाणं तिकडे, असं इतकी वर्षं मनात धरून बसलो होतो.

माउंट प्लेझंट दफनभूमीत गूल्डच्या थडग्याच्या दगडावर त्या आरियाचे सुरुवातीचे स्वर कोरलेले आहेत. मागच्या ऑक्टोबरात लेकीला घेऊन गेलो होतो. दगडावरची ओली पानं तिने हाताने बाजूला सारली, स्वरलिपीवरून बोट फिरवलं आणि वरची चाल हळूच गायला लागली. मी खाली खर्ज धरला. सा, नी, ध, प.