आधी मान्यता विचारा

मी बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा अब्बांचा पहिला प्रश्न होता, "कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे ना?" भाचीनं तीन महिन्यांचा पार्लर कोर्स निवडला तेव्हा शिक्षिका असूनही मी फक्त फी विचारली. सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट आलं. कौशल्य शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या एनसीव्हीईटीचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. हेअर डाय लावण्याच्या 48 तास आधी पॅच टेस्ट करतात, हे तिथे कुणी शिकवलंच नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा चेहरा सुजला. विमा नव्हता. दवाखान्याचं बिल आपानं बांगडी मोडून भरलं.

आता भाचीनं आयटीआयच्या एक वर्षाच्या कॉस्मेटॉलॉजीचा फॉर्म भरलाय. मुलींनो, फीच्या आधी मान्यता विचारा आणि पार्लर उघडण्याआधी विमा काढा. मी विचारलं नाही, त्याची किंमत आपानं मोजली.