नकलेची नक्कल

गेल्या दिवाळीत सक्करदऱ्याच्या आमच्या घरी एक वाद निघाला. पुतणी मोबाईलवर जपानी गाणी ऐकत बसली होती. वयाला शोभेल अशा तुच्छतेने आम्ही म्हणालो, की हे तर अमेरिकेचेच संगीत. शब्द तेवढे जपानी. तिने मान वर न करताच विचारले, "काका, माळ्यावरचा बाबांचा बेंजो मूळचा कुठला, माहीत आहे का तुम्हाला?"

माहीत नव्हते, आणि या विषयात माहीत नसणे आम्हांस परवडणारे नव्हते. कारण तो बेंजो माळ्यावर गेला तो आमच्यामुळे.

सक्करदरा ही भोसल्यांच्या राजवाड्याची जागा. राजे रघुजीराव भोसले यांनी १९०८ साली ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून येथे आपल्या वाड्यात आणले. १९२५ साली बाबा निवर्तले; उमरेड रस्त्यावर ताजाबादला त्यांचा दर्गा आहे, आणि उर्साच्या दिवसांत तिकडे जाणारे संदल पाहत आमच्या वस्तीतील पिढ्या मोठ्या झाल्या. ऐंशीच्या दशकात अशाच एका संदलाबरोबर आमचे थोरले बंधू बेंजो वाजवीत. हातगाडीवर मोटारीची बॅटरी, वर भोंगा, आणि गळ्यात पट्ट्याने अडकवलेली ती बटणांची पेटी. डाव्या हाताने बटणे दाबायची, उजव्या हातातील नखीने तारा छेडायच्या. बटणांच्या वाद्यातून मींड निघणे कठीण. दादा शेजारच्या दोन बटणांवर बोटे थरथरवून मुरकीचा भास निर्माण करीत. कव्वाली, आरती, सिनेमाचे गाणे, लग्नाच्या वरातीतील फर्माईश, सर्व काही त्या एका पेटीतून निघे. दिवसा ते गिरणीत असत.

आम्ही त्या वेळी एम. ए. करीत होतो. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात आम्ही एक लेख लिहिला. त्यात म्हटले होते, की सिनेमाचे संगीतकार अमेरिकेची नक्कल करतात आणि आमच्या रस्त्यावरचे बेंजोवाले त्या नकलेची नक्कल करतात. वाद्याचे नावदेखील यांना अमेरिकेकडूनच घ्यावे लागते. लेखाचे कौतुक झाले. अंक घरी आला, दादांनी वाचला. ते काही बोलले नाहीत. त्या वर्षी संदलाला मात्र गेले नाहीत, आणि पुढच्या वर्षीही.

पुतणीने काढलेली माहिती अशी. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज 'ताइशोगोतो'. नागोया शहरातील मोरिता गोरो याने १९१२ साली टंकलेखन यंत्राच्या कळांवरून कल्पना घेऊन तो तयार केला. म्हणजे वाद्य जपानी, कळा पाश्चात्त्य यंत्राच्या, आपल्याकडचे नाव एका अमेरिकी वाद्याचे (ज्याच्याशी त्याचे काडीचेही नाते नाही, आणि जे स्वतः आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या स्मृतीतून घडले), आणि चाल ताजाबादची. बलुचिस्तानात हेच वाद्य 'बेंजू' होऊन लोकसंगीतात इतके मुरले आहे, की तिथल्या माणसाला ते परके सांगितले तर त्याला हसू येईल.

जपानी गाण्यांविषयीही आम्हांस थोडे वाचावे लागले. आमचा आरोप अगदीच निराधार नव्हता. १८८० मध्ये मेइजी सरकारने बोस्टनच्या ल्यूथर मेसन यांना शाळांत संगीत शिकवण्यासाठी बोलावले, आणि युद्धानंतर अमेरिकी छावण्यांच्या क्लबांत वाजवणाऱ्या कितीतरी जपानी वादकांनी जॅझ पचवला. पण त्या शालेय गीतांतून जो स्वरसमूह रूढ झाला त्यात चौथा आणि सातवा स्वर वगळतात. मध्यम आणि निषाद काढले की उरतात सा रे ग प ध; म्हणजे आपल्या भूपाचे स्वर! पाश्चात्त्य सप्तकातून जपानी कानाने आपल्याला हवे तेवढे वेचून घेतले. १९६१ सालचे 'उए ओ मुइते आरुको' हे गाणे पाहा. संगीतकार नाकामुरा हाचिदाई जॅझचा पियानोवादक. कवी एई रोकुसुके याला शब्द सुचले ते अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्धचे १९६० चे आंदोलन फसल्यावर, खिन्न मनाने घरी परतताना. तेच गाणे १९६३ च्या जूनमध्ये अमेरिकेत तीन आठवडे अग्रस्थानी होते. नाव उच्चारता येईना म्हणून तिकडे त्याला 'सुकियाकी' हे एका गोमांसाच्या पदार्थाचे नाव दिले गेले. यात कोणी कोणाची नक्कल केली हे आम्हांस तरी ठरवता आलेले नाही.

आणि सिनेमावाल्यांचे काय? ज्यांना त्या लेखात आम्ही नावानिशी झोडपले होते ते सी. रामचंद्र तर नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले. वसंतराव देशपांडे त्यांचे सहाध्यायी. गोव्याच्या ख्रिस्ती वादकांना हाताशी धरून त्यांनी 'शहनाई'पासून (१९४७) 'आशा'पर्यंत (१९५७) स्विंग आणि रॉक अँड रोलचा धुमाकूळ घातला. मध्येच १९५३ साली 'अनारकली'ही केला, ज्यात भीमपलासाचा अंमल आहे. दोन्ही कान एकाच माणसाचे होते. किर्लोस्करांच्या नाटकांत तर पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापलेला असे. उसनवारी लपवण्याजोगी आहे, असे त्या काळी कुणाला वाटलेच नाही. हे सर्व आम्ही एम. ए.लाच वाचले होते. लेख लिहिताना आठवले नाही, कारण आठवले असते तर लेख झाला नसता.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बेंजो खाली काढला. चार बटणे दाबली की वर येत नव्हती, तारा गंजलेल्या. पुतणीने सगळी हकीगत दादांना सांगितली. ते आता सत्तरीच्या पलीकडे आहेत. कानाला यंत्र आहे.

"जपानचा होय काय हा?" ते म्हणाले. मग बराच वेळ पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि आमच्याकडे वळून, काहीही राग न ठेवता, विचारले, "अन् तू तवा जे लिवलं होतं, ते तुझं होतं का कुठून घेतलं होतं?"

एका इंग्रज समीक्षकाचे होते. वाक्यरचनेसकट. ते आम्ही त्यांना सांगितले.

"मंग ठीक हाय," दादा म्हणाले, आणि पुतणीकडून मशीनच्या तेलाची बाटली मागून घेतली.