आधी फुटवॉल

आमच्या कोरेगाव भागात आल्याचा भाव गाडीवर बोलतात. गाडी म्हणजे पाचशे किलो. अशा तीन गाड्या माझ्या एका पिकअपमध्ये बसायच्या. रात्री जेवून निघायचं, सातारा मागं टाकायचा, खंबाटकीचा बोगदा ओलांडायचा आणि पहाटेच्या आत पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरवायचा. चालवायला भाचा. थोरल्या बहिणीचा पोरगा, बारावीनंतर माझ्याकडंच राहिला होता. तो गाडी हाकायचा, मी शेजारी डुलक्या काढायचो.

त्या साली ऐन हंगामात गाडीनं मान टाकायला सुरुवात केली. सपाटीला काही तक्रार नाही. पण वेळे सोडून बोगद्याचा चढ लागला, की पिवळा दिवा पेटायचा आणि दम सुटायचा. दुसऱ्या गिअरवर, बैलगाडीच्या चालीनं आम्ही कडेकडेनं जायचो. मागचे ट्रक हॉर्न मारून शिव्या घालायचे. गाडी बंद करून दहा मिनिटं थांबलो, की परत थोडी चालायची. यार्डात पोचेपर्यंत उजाडायचं. तोवर चांगलं गिऱ्हाईक निघून गेलेलं असायचं आणि उशिरा आलेल्या मालाला जो भाव मिळतो तोच मिळायचा.

साताऱ्यात एका गॅरेजला दाखवली. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला, स्कॅनर लावला आणि पडद्यावरचे आकडे दाखवले. इंजिन बाराशे बार दाब मागतंय आणि मिळतायत जेमतेम सहाशे. मोटारीच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार, म्हणजे हा दाब केवढा असेल बघा. पंप तो दाब तयार करतो, रेल नावाच्या जाड नळीत साठवतो आणि तिथून डिझेल इंजेक्टरला जातं. "मेन पंप गेला. पाऊण लाख धरून चला," ते म्हणाले. वर हेही म्हणाले, "डिझेलमध्ये भेसळ असली की पंप असाच खलास होतो."

पाऊण लाखापेक्षा ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. घरी आल्यावर, सोप्यात चार माणसं बसलेली असताना, मी भाच्याला विचारलं, "डिझेल इकून राकेल वततोस काय रं?"

तो काहीच बोलला नाही. चावी खुंटीला अडकवली, पिशवी भरली आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं त्याच्या गावाला निघून गेला. बायको म्हणाली, "इचारायची काय तऱ्हा झाली का ही?" मी म्हटलं, खरा असता तर बोलला असता.

पैशासाठी दावणीची गाभण म्हैस विकायचं ठरवलं. व्यापारी येऊन बघूनही गेला. त्याच दुपारी ट्रॅक्टरचं काम घेऊन मी एसटी स्टँडामागच्या चाचांकडं गेलो. चाचा जुने डिझेल मिस्त्री. पिकअपची गोष्ट सहज निघाली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"रिकामी गाडी चढती का?"

"चढती."

"बंद करून थांबलं की परत चालती?"

"दहा मिनिटांनी चालती."

"मग पंप इसावा घेऊन बरा झाला म्हणायचा! झिजलेला पंप असा दहा मिनिटांत बरा होत नसतो, पाटील. विहिरीवरची मोटर पाणी वडंना झाली तर तुम्ही काय करता? मोटर बदलता?"

"नाही. आधी फुटवॉल बघतो."

"मग हितं आधी मोटर का बदलाय निघाला?"

मला उत्तर सुचेना. सगळी जिंदगी विहिरीवर गेली माझी. फुटवॉलला शेवाळ अडकलं तर मोटरचा दोष नसतो, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

चाचांनी समजावून सांगितलं. या गाडीच्या टाकीत वेगळा पंप नाही. पुढचा पंपच मागच्या टाकीतून डिझेल ओढून घेतो. वाट अर्धी तुंबली तरी सपाटीला भागतं, कारण तिथं डिझेल थोडं लागतं. चढाला, भरल्या गाडीला जास्त लागतं आणि तिथं ते पुरत नाही. पंपालाच मिळालं नाही तर तो रेलला कुठून देणार?

मग त्यांनी एकेक करून बघितलं. टाकीचं झाकण सैल करून गाडी पळवली, झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का म्हणून. फरक नाही. फिल्टरच्या पुढं पारदर्शक नळी जोडून बुडबुडे येतात का बघितलं. आले नाहीत, म्हणजे कुठं हवा शिरत नव्हती. शेवटी म्हणाले, "आज माल भरा. मी येतो संगं."

वेळ्याच्या अलीकडं एका ढाब्यावर थांबलो. चाचांनी पाच लिटरचा कॅन चांगल्या डिझेलनं भरला आणि तापणाऱ्या भागापासून लांब, घट्ट बांधला. टाकीकडून येणारी आणि टाकीकडं परत जाणारी अशा दोन्ही नळ्या काढून कॅनमध्ये सोडल्या. आता गाडीचा आणि टाकीचा संबंध उरला नाही. ते स्कॅनर मांडीवर घेऊन बसले, मी गाडी चढाला घातली.

"बाराशे मागतीया," चाचा म्हणाले. "बाराशे मिळतायत."

तीन गाड्या आलं पाठीवर घेऊन पिकअप तिसऱ्या गिअरवर बोगद्यात शिरली. दिवा पेटला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात एकच, टाकीत काय निघणार?

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. मी म्हटलं, नळीतून हवा मारू, मोकळी होईल. चाचा म्हणाले, "घाण परत टाकीतच जाईल. चार दिवसांनी पुन्हा तेच." आतली जाळी काढून त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवली. काळपट चिकट गाळ, आणि त्यात गुंतलेली सुतं. चाचांनी चिमटीनं एक सूत ओढलं, डिझेलनं धुतलं. लाल निघालं.

मी ते ओळखलं. आबांच्या जुन्या धोतराचा काठ. हंगामात घाई नको म्हणून मी घरी डिझेलचा पिंप भरून ठेवायचो आणि नरसाळ्यावर धोतराचं फडकं धरून गाडीत ओतायचो. गाळून ओततो, याचा मला अभिमान होता. फडकं कुजून विरत चाललं होतं, ते मात्र कधी बघितलं नाही. इंजिन बंद झालं की ओढ थांबायची, जाळीवरचा गोळा सुटून खाली पडायचा. म्हणून दहा मिनिटांनी गाडी चालायची.

टाकी धुणं, नवी जाळी, नवा फिल्टर, मजुरी, सगळं पाच हजारांच्या आत झालं. म्हैस दावणीलाच राहिली.

ते सूत कागदात गुंडाळून मी बहिणीच्या गावाला गेलो. भाचा रानात होता. बहिणीनं पाणी दिलं, पण बोलली नाही. तो आल्यावर तिच्यासमोर आणि शेजाऱ्यांसमोर पुडी उघडली. ज्या आवाजात आळ घेतला होता, त्याच आवाजात म्हटलं, "चूक माझी हुती."

त्यानं सूत बोटावर घेऊन निरखलं. "आबांचं धोतार," एवढंच म्हणाला.

तो लगेच आला नाही. पंधरा दिवस मीच गाडी चालवली. एका सांजेला माल भरत होतो तेव्हा तो फाट्यावरून चालत आला, खुंटीवरची चावी घेतली आणि आधी टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारली.

"मामा, पिंप कुठाय?"

"मोडीत घातला."

"बरं केलंत," म्हणाला आणि स्टिअरिंगवर बसला. त्या रात्री बोगदा ओलांडेपर्यंत मी डुलकी घेतली नाही.