पाचेचं पान

शाळेत ‘माझे आवडते फूल’ या विषयावर आमच्या वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस गुलाब लिहिले होते. गाईडमध्ये गुलाब होता, म्हणून आमचंही आवडतं फूल गुलाब! गावात गुलाबाचं झाड होतं एकच, ग्रामपंचायतीच्या कुंपणाशी, आणि शेळ्यांनी त्याला कधी फुलूच दिलं नाही. आमच्यासारख्या घरांतून ‘तुला काय आवडतं?’ असं विचारण्याची पद्धत नाही. जे असतं ते आवडतं. पाहुण्यानं आणलेल्या कापडाचा जो रंग, तोच आपल्या आवडीचा रंग. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण अशा घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात येतं, तेव्हा कँटीनमधल्या ‘तू काय घेणार?’ या साध्या प्रश्नालाही उत्तर सुचेनासं होतं, हे माझ्यासारख्या पुष्कळांना ठाऊक असेल.

मला मात्र एक आवड सापडली आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. तिचं नाव पाच.

पाच म्हणजे आकडा नव्हे. हिरव्या रत्नाला पाच म्हणतात, तीही नव्हे. ही पाच तुळशीच्या कुळातली. रुंद, मऊ, कातरलेल्या कडांचं पान. मरवा आणि दवण्याच्या जोडीनं वेणीत माळतात ती. ताजं पान नुसतं हुंगलं तर ते फारसं काही सांगत नाही. चुरगाळलं की बोलू लागतं, आणि वाळलं की मग गप्प बसत नाही. अत्तरवाले तिच्या तेलाला पचौली म्हणतात. तमिळमध्ये ‘पच्चै’ म्हणजे हिरवं आणि ‘इलै’ म्हणजे पान. त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

माझी आणि तिची ओळख आजीच्या लोखंडी पेटीतली. पेटीत दोन लुगडी, आबाजीचा फेटा, बाबांच्या लहानपणीचं एक झबलं, आणि कापडाच्या पुरचुंडीत वाळलेली पानं. कपड्यांना कसर लागू नये म्हणून. पेटी उघडली की पहिल्या पावसाची माती, रिकामी झालेली कणगी, थोडा कापूर आणि कुठंतरी खोल जुन्या लाकडाचा गोडवा, असं सगळं एकदम अंगावर येई. आजी गेली त्या वर्षी लुगडी वाटली गेली. पेटीत आता बियाण्याच्या पावत्या असतात.

कॉलेजसाठी मी कारंज्याला येऊ लागले. कारंजा हे गाव सुगंधाच्या बाबतीत मोठं खानदानी! इथं कस्तुरीची हवेली आहे. एका धनाढ्य व्यापाऱ्यानं उंटांवरून आलेली सारी कस्तुरी विकत घेतली आणि ती हवेलीच्या बांधकामात कालवली, अशी आख्यायिका इथं कुणीही सांगेल. आता कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि दुकानात ‘कस्तुरी’ म्हणून मिळतं ते बहुतेक प्रयोगशाळेत तयार झालेलं असतं. तर अशा या गावात, जिथं भिंतीत कस्तुरी घातली म्हणतात, तिथं मी ३ मिलिलिटरच्या शिशीचा भाव करीत उभी होते.

दुकान एका वयस्क चाचांचं. तिथं पाऊल टाकायला मला आठवडा लागला. आमच्याकडं अत्तर हा पुरुषांचा प्रांत. लग्नात पाहुण्यांच्या हातावर अत्तराचं बोट फिरतं ते मांडवातल्या पुरुषांच्या बाजूला. मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांच्या उरुसात कानात फाया ठेवून हिंडतात तेही पुरुषच. एकोणीस वर्षांची मुलगी अत्तराच्या दुकानात दिसली की बघणाऱ्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न उमटतो : कुणासाठी? चाचांनी मात्र तो विचारला नाही. ते एवढंच म्हणाले, “बेटी, शीशी मत सूँघो. कलाई पर लगाओ, घर जाओ, कल बताओ.”

पहिली पचौली मनगटावर घेऊन मी एस.टी.त बसले. गाव येईपर्यंत तिचा गुलाब झाला होता. जेवणावळीच्या मांडवात येतो तसला गोड वास. पुन्हा गुलाबच! दुसरी इतकी उग्र की बाबांच्या फवारणीच्या सदऱ्याची आठवण झाली. ज्या वासानं त्यांचं डोकं दुखतं तो मी पैसे देऊन कशाला घेऊ? चाचा हसले. स्वस्त अत्तरात लिक्विड पॅराफिन मिसळतात, त्यात सुगंध बसत नाही, असं त्यांनी समजावलं, आणि मागच्या फळीवरून एक तपकिरी शिशी काढली. पचौलीचं तेल नवं असताना तिखट असतं, ठेवल्यानं त्याचा कडवटपणा जातो, हे मला तेव्हा कळलं. “बाकी सब उतरते, ये चढ़ती है,” चाचा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात वही उघडली तर ओढणीच्या काठातून ती अजून येत होती. मी तेव्हा वराहमिहिराबद्दल वाचत होते. सहाव्या शतकातल्या या ज्योतिष्यानं ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून प्रमाणं बदलत गेलं तर १,७४,७२० सुगंध होतात, असा हिशेब त्यात मांडलेला आहे. पावणेदोन लाख! इतक्यांतून माणसानं आपला कसा ओळखायचा, हे गणित मात्र त्यानं सोडवून ठेवलेलं नाही.

मग मी पाचेमागंच लागले. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्यात हीच वाळलेली पानं घालीत. तिकडच्या विणकरांनी शालीची नक्षी उतरवून घेतली, पण गिऱ्हाईक शाल नाकाशी नेई आणि नक्कल ओळखी. तेव्हा त्या लोकांनी पानंच मागवायला सुरुवात केली! आज जगातलं बहुतेक पचौली तेल इंडोनेशियातून येतं. कुठं त्या शाली, कुठं आजीची दोन लुगडी. पण भीती एकाच कसरीची.

शिशी १५० रुपयांना पडली. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीन सोंगायला गेले होते, त्या मजुरीतले पैसे होते. सोयाबीनच्या धसांनी फाटलेल्या हातावर अत्तर झोंबतं, हेही या निमित्तानं कळलं.

घरी गेले तशी माय म्हणाली, “कायचा वास येऊन राह्यला वं?”

“अत्तर आणलं, माय.”

“कोणासाठी?”

“माह्यासाठीच.”

तिनं माझं मनगट नाकाशी नेलं. मी श्वास रोखून उभी. आता तिला आजी आठवणार, पेटी आठवणार, डोळे भरून येणार, असं सगळं मी मनाशी रचून ठेवलं होतं. माय म्हणाली, “हे अत्तर व्हय? गोदामासारखा वास येते याले. मोगऱ्याचं आणतीस.”

“आजीच्या पेटीले असाच वास होता ना?”

“कुठचा वं! बुढीच्या पेटीले डांबरगोळ्याचा वास होता.”

बाबा ओसरीवरून हसले. किंमत सांगितल्यावर मात्र कुणी हसलं नाही.

त्या रात्री मी बराच वेळ मनगट हुंगत पडले होते. माय म्हणते ते खरं असेलही. पेटीत डांबरगोळ्या होत्याच. आणि खरं सांगायचं तर चाचांची पचौली आजीच्या पेटीसारखी हुबेहूब नाहीच. ती अधिक खोल आहे, अधिक शांत, आणि मला ती पेटीपेक्षा जास्त आवडते. घरात ती कुणालाच आवडत नाही. आजवर आमच्या घरात एकाला आवडलं ते सगळ्यांना आवडे, नाहीतर कुणालाच नाही. वडीलमाणसांच्या धाकानं नव्हे. दुसरं काही नसेच. ही पहिली गोष्ट अशी की जिच्यात मी घरापासून वेगळी आहे, आणि तसं होण्यासाठी मला कुणी कुठं पाठवलं नव्हतं. याचा आनंद होतो. मायजवळ झोपताना थोडं एकटंही वाटतं.

शिशी मी मराठीच्या नोट्सच्या मागं ठेवली आहे. अर्धी संपली. उरलेली दोन वर्षं झाकून ठेव, मग उघड, असं चाचांचं म्हणणं. पण मायचा हिशेब एका वर्षाचा आहे, बी. ए. झालं की स्थळं पाहायची, माझा एम. ए. चा. त्यामुळं झाकून ठेवणं काही जमत नाही. सकाळची एस.टी. येण्याआधी मी रोज एक थेंब लावते.