मुलुखगिरी कोणाच्या पायांनी?

प्रवासाला कोठे जावे, हा प्रश्न आमच्या घरात निघाला की कपाटातून तीन-चार पुस्तके बाहेर येतात, आणि पुस्तकांबरोबर मतभेदही बाहेर येतात. गेली वीस-बावीस वर्षे हे मतभेद बहुधा एकाच लेखकाभोवती फिरत आले आहेत. ते लेखक म्हणजे अभिनेते मिलिंद गुणाजी.

ज्यांनी ‘फरेब’ आणि ‘विरासत’ हे चित्रपट पाहिले असतील, त्यांना त्यांची उंचीपुरी मूर्ती आणि करडी नजर आठवत असेल. पडद्यावर त्यांनी बहुधा खलनायक रंगविले. परंतु मराठी घरांत त्यांची खरी ओळख झाली ती ‘भटकंती’ या मालिकेमुळे. त्या वेळच्या अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, ती लागे, आणि दुकान वाढवून आलेली मंडळी हातपाय धुऊन तिच्यासमोर बसत. कोणी एक नट खांद्याला कॅमेरा लावून घाटातल्या अनोळखी वाटेने चालतो आहे, वाटेत भेटलेल्या गुराख्याशी बोलतो आहे, हे दृश्य तेव्हा नवे होते. ‘माझी मुलुखगिरी’ हे त्यांचे पुस्तक आमच्या घरी आले, आणि नंतर ‘ऑफबीट ट्रॅक्स इन महाराष्ट्र’ हे पॉप्युलर प्रकाशनाचे इंग्रजी मार्गदर्शकही आले. दुसरे पुस्तक माझ्या वडीलबंधूंनी घेतले. किंमत पाहून ते कुरकुरले होते. पण आज त्याची पाने सुटी झाली आहेत, यावरून ते किती वापरले गेले हे कळावे.

वडीलबंधूंचे मत त्यांच्या बाजूने आहे. ते म्हणतात, “आपण पिढ्यानपिढ्या मुंबईत राहिलो, पण आपल्याला माहीत काय? माथेरान, महाबळेश्वर, लोणावळा आणि तीर्थयात्रेला पालिताणा. या माणसाने आपल्याला सांगितले की कसाऱ्याच्या पुढेही बघण्यासारखे काही आहे.” वहिनींचे म्हणणे आणखी व्यवहारी आहे. ओळखीच्या चेहऱ्याने सांगितले म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी मुलींना अशा ठिकाणी जाऊ दिले; एरवी कोणी परवानगी दिली नसती. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या पेढ्यांवर जसा पत असलेल्या माणसाचा शब्द चालतो, तसाच प्रवासातही चालतो. प्रसिद्धी ही एक प्रकारची पतच असते, आणि गुणाजींनी ती पत अप्रसिद्ध गावांच्या नावे खर्ची घातली.

विरुद्ध पक्षात माझा पुतण्या आहे. तो दर रविवारी पाठीला पिशवी अडकवून गडांवर जाणाऱ्यांपैकी. त्याच्या लेखी प्रवासवर्णन म्हणजे गो. नी. दांडेकरांचे ‘दुर्गभ्रमणगाथा’, आणि माहिती हवी असेल तर प्र. के. घाणेकरांची पुस्तके. नटाने लिहिलेले मार्गदर्शक म्हटले की तो हसतो. त्याचे खरे दुःख निराळे आहे. ज्या वाटेवर पूर्वी दिवसभरात चार माणसे भेटत, तेथे आता श्रावणातल्या रविवारी मोटारींची रांग लागते. धबधब्याखाली बाटल्या आणि वेफरच्या पिशव्या साचतात. “काका, नाव छापले की जागा गेली,” असे तो म्हणतो. या गर्दीचे खापर एका लेखकावर फोडणे मात्र मला अन्यायाचे वाटते. मोबाइलवरील छायाचित्रांनी त्याहून कितीतरी अधिक माणसे डोंगरावर नेली आहेत. परंतु पुतण्याचे दुःख खोटे नाही.

तिसरे मत माझ्या आईचे. तिचे वय आता चौऱ्याहत्तर. ती पुस्तकाची बाजू घेत नाही आणि विरोधही करीत नाही, ती फक्त विचारते, “त्यांनी जेवण किती वाजता घेतले, ते लिहिले आहे का?”

घरातील सगळ्यांना हसू येते. पण इतक्या वर्षांत मार्गदर्शक पुस्तकांवर याहून नेमकी टीका मी ऐकलेली नाही. प्रत्येक मार्गदर्शक लेखक आपल्या पायांनी, आपल्या पोटाने आणि आपल्या सवडीने प्रवास करतो. गुणाजी उंच, काटक आणि चालण्याची सवय असलेले. सह्याद्रीचे वर्णन करणाऱ्या बहुतेकांप्रमाणे तेही पावसाळ्यावर लुब्ध. हिरवे डोंगर, ढग आणि धबधबे हा त्यांच्या जगाचा वैभवाचा काळ. आपला मात्र तोच चातुर्मास. ओल्या जमिनीवर, गवतात आणि चिखलात जीवजंतूंची उत्पत्ती सर्वांत अधिक होते ती या दिवसांत. म्हणून साधु-साध्वी एका जागी राहतात, शत्रुंजयाची यात्रा बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. पुस्तकात जो ‘उत्तम काळ’ लिहिलेला असतो, तो आमच्या आईच्या दृष्टीने घरी बसण्याचा काळ असतो. जेवणाचेही तसेच. संध्याकाळी परतताना ढाब्यावर थांबावे, हा सल्ला कोणाला उपयोगी पडेल; ज्यांना सूर्यास्तापूर्वी चौविहार करायचा आहे, त्यांना तो कागदावरच ठेवावा लागतो. यात लेखकाचा दोष काय? त्यांनी आपल्यासाठी लिहिलेच नव्हते. गिऱ्हाइकाने दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा उचलायचा आणि शिंप्याला नावे ठेवायची, असा तो प्रकार होईल.

तरीही मार्गदर्शकाकडून एक अपेक्षा ठेवण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे. ती म्हणजे नोंद कधीची आहे हे सांगणे. आमच्या व्यवसायात रोजकीर्दीतील तारीख नसलेली नोंद कोणी धरीत नाही. प्रवासाच्या पुस्तकांत मात्र ‘येथे राहण्याची उत्तम सोय आहे’ असे वाक्य वीस-वीस वर्षे तसेच छापले जाते. एका मार्गदर्शकावर विसंबून आम्ही एकदा सहकुटुंब एका विश्रामगृहाशी पोहोचलो, तर तेथे छप्परही उरले नव्हते. पुस्तकाचे नाव सांगून उपयोग नाही, कारण हा दोष बहुतेकांचा आहे.

याच संदर्भात एका जुन्या ग्रंथकाराची आठवण येते. खरतरगच्छाचे आचार्य जिनप्रभसूरी हे चौदाव्या शतकातील मोठे नामांकित पुरुष. दिल्लीच्या दरबारात मुहम्मद तुघलकाने त्यांचा सन्मान केला होता. त्यांचा ‘विविधतीर्थकल्प’ हा आपल्या परंपरेतील तीर्थमार्गदर्शकच म्हणावा लागेल. तो इ. स. १३३२-३३च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात आपल्याकडील प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, आणि नासिक्यपुर, म्हणजे नाशिक, यांच्यावर स्वतंत्र कल्प आहेत. मला त्यात विशेष भावते ती त्यांची नोंद घेण्याची रीत. शत्रुंजयावर विक्रम संवत १३६९ मध्ये मूर्तिभंग झाला आणि १३७१ मध्ये समराशाहांनी जीर्णोद्धार केला, हे ते सालासह सांगतात. तीर्थाचे माहात्म्य गाताना त्यावर कोसळलेले संकट त्यांनी झाकले नाही. पुराणकथाही त्यांनी भरपूर सांगितल्या. त्या ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने घ्याव्यात. पण ज्या नामांकित लेखकाच्या शब्दावर माणसे शेकडो कोस चालणार, त्याने जागेची हानीही लिहावी, हा दंडक मला तेथे सापडतो.

माझा भाचा हिऱ्यांच्या कामानिमित्त अँटवर्पला जात असतो. त्याने तिकडून रिक स्टीव्हज या अमेरिकन गृहस्थांचे पुस्तक आणले. या गृहस्थांनी १९८० साली ‘युरोप थ्रू द बॅक डोअर’ हे पुस्तक स्वतः छापले, पुढे दूरचित्रवाणीवर आले आणि अमेरिकन प्रवाशांत घरोघर पोहोचले. भाचा सांगतो की तेथेही असेच दोन तट आहेत. एक पक्ष म्हणतो, यांनी आम्हांला परदेशात निर्धास्तपणे फिरायला शिकविले. दुसरा म्हणतो, यांनी शिफारस केलेल्या गावात पाहावे तिकडे यांचेच निळे पुस्तक हातात धरलेले लोक दिसतात. त्यांच्या आवडीच्या गावांत इटलीतील चिविता दि बान्योरेज्जो हे एक. उंच कड्यावर वसलेले, कडा ढासळत असल्याने ‘मरणारे गाव’ म्हणून ओळखले जाणारे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच कायम वस्ती उरलेले. तेथे प्रवासी इतके येऊ लागले की २०१३ पासून पुलावरून आत जाण्यासाठी दीड युरो प्रवेशशुल्क घेण्यात येऊ लागले. पुतण्याने हे ऐकून विजयी मुद्रा केली. वडीलबंधू म्हणाले, “अरे, पण मरणाऱ्या गावाला उत्पन्न तर मिळाले!”

मी स्वतः या वादात कोठे उभा आहे, हे सांगण्यासाठी मला आमच्या देवनारकडे यावे लागते. देवनारला राहतो असे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. मुंबईच्या माहितीत आमच्या गावाला दोन ओळी मिळतात: १९२७ पासूनची कचराभूमी आणि १९७१ साली वांद्र्याहून येथे हलविलेला कत्तलखाना. जैन घराने देवनारला कसे राहावे, हा प्रश्न लग्नाच्या बोलाचालीतसुद्धा निघालेला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु टाटा समाजविज्ञान संस्थेची १९५४ पासूनची झाडीने भरलेली वास्तू त्या दोन ओळींत येत नाही. पहाटे मैत्री पार्कच्या थांब्यावर पुण्याच्या बसची वाट पाहणारी आमच्यासारखी कुटुंबेही येत नाहीत. जागेची ओळख कोणीतरी दोन ओळींत करून देतो आणि जग ती धरून बसते. म्हणून जो लेखक प्रत्यक्ष तेथे जाऊन दोन पाने लिहितो, त्याच्याविषयी, मग तो नट असो की पंडित, मला मुळातच आदर वाटतो.

दुसरे कारण त्रिंगलवाडीचे. इगतपुरीजवळच्या या गडाच्या पायथ्याशी एक लेणे आहे. आजूबाजूचे लोक त्याला पांडवलेणे म्हणतात. गेल्या मार्गशीर्षात आम्ही सगळे तेथे गेलो. पुतण्या गडावर चढला. आम्ही आईला धरून तळ्याच्या कडेने, शेतांमधून, लेण्यापर्यंतच नेले. कोरीव दरवाजा ओलांडून ती आत गेली आणि काही क्षण उभीच राहिली. गाभाऱ्यातील मूर्ती भग्न आहे. तरीही पद्मासन पाहताच तिने हात जोडले आणि म्हणाली, “हे पांडव कोठले? हे तर आपले भगवान.” ती ऋषभनाथांची मूर्ती. आसनावर शके १२६६चा, म्हणजे इ. स. १३४४चा लेख असल्याचे ब्रिटिश काळच्या नाशिक गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. जिनप्रभसूरींचा ग्रंथ पूर्ण झाल्यावर अकरा-बारा वर्षांतच कोणा श्रावकाने सह्याद्रीच्या त्या कोपऱ्यात ही मूर्ती बसविली असावी. आज तेथे वटवाघळांचा वास येतो आणि गुरे टेकतात. परतीच्या वाटेवर आई फारसे बोलली नाही.

मी या अंकासाठी त्या लेण्याविषयी लिहिणार आहे हे कळताच पुतण्याने विनवले, “काका, नाव घालू नका.” त्याची भीती मला समजते. परंतु त्या जागेची दैना गर्दीने केलेली नाही. पावणेसातशे वर्षांच्या काळात आपणच तिचे नाव विसरलो, आणि आपण विसरलो म्हणून लोकांनी तिला दुसरे नाव दिले. जेथे कोणी जात नाही तेथे कोणी तक्रारही करीत नाही. यावर पुतण्याचे समाधान झालेले नाही. त्याने एकच अट घातली, की कचऱ्याविषयी लिहावे. ते मान्य करताना मला हसू आले, कारण डोंगरावरून मुंबईत परत आणलेल्या पिशव्यांची वाट पूर्वी बहुधा आमच्या देवनारकडेच वळत असे.

तेव्हा नोंद अशी: आम्ही गेलो तो मार्गशीर्ष, आकाश निरभ्र, वाट कोरडी. चातुर्मासात जाऊ नये. देवनारहून पहाटे निघालो आणि नवकारशी इगतपुरीला केली. उकळलेले पाणी घरूनच घ्यावे, कारण लेण्यापाशी आम्हांला पिण्याजोगे पाणी दिसले नाही. जेवणाचा डबाही बरोबर असावा. गडाची चढण वृद्धांसाठी नाही. लेण्यापर्यंत हात धरून नेता येते. आत अंधार असल्याने विजेरी न्यावी, पण वटवाघळांवर प्रकाश टाकू नये. मूर्तीला हात लावू नये, कुंकू-फुले वाहू नयेत. दुपारी तीनला परत फिरलात तर सूर्यास्तापूर्वी चौविहार वाटेत कोठेही होऊ शकतो.